शीत कोणतं उचलायचं?

गुडघाभर चिखलात उभा होतो. गोव्यात, मांडवी नदीच्या काठी, कांदळांच्या मुळांमध्ये, सुकती म्हणजे ओहोटी लागून तासभर झालेला. भाची एम.एस्सी. करते. तिला प्रकल्पासाठी खेकडे मोजायचे होते आणि दोरी धरायला माणूस हवा होता. लांबून पाहिलं तेव्हा चिखलावर शेकडो खेकडे होते, नखाएवढे ते लिंबाएवढे. नराची एक नांगी अंगाएवढी, दुसरी टिचभर, आणि ती थोरली नांगी सारखी वर-खाली, कुणाला हात करून बोलावल्यासारखी. आम्ही चार पावलं टाकली आणि चिखल रिकामा झाला. औषधाला खेकडा नाही.

"मामा, आता हलू नको. पंधरा मिनिटं."

"आणि डास?"

"डास मोजायचे नाहीत आपल्याला."

तिने पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट चिखलावर ठेवली आणि आम्ही बगळ्यांसारखे उभे राहिलो. सात-आठ मिनिटांनी एका बिळातून दोन डोळे वर आले. मग दुसऱ्यातून. पंधराव्या मिनिटाला चौकटीत अकरा खेकडे होते. तिने ते लिहिले, मग बिळं मोजली: एकोणीस. मी विचारलं, मग खेकडे किती, अकरा की एकोणीस? तर काही बिळं ओसाड असतात, काहींना दोन तोंडं असतात, आणि काही खेकडे आपल्याला घाबरून अजून खालीच बसलेले असतात.

"मग खरा आकडा?"

"तो खेकड्यांनाच ठाऊक."

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करत होतो. पर्यावरणाचे शास्त्रज्ञ रानात, सड्यावर (जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर), समुद्रात जाऊन नक्की काय करतात, असं कुणी विचारलं तर आपल्या डोळ्यांपुढे टोपी, दुर्बीण आणि वाघाचा फोटो येतो. मला आता वाटतं की त्यांचं निम्मं काम या एका अडचणीशी झुंजण्यात जातं. सगळं मोजता येत नाही, जे असतं ते सगळं दिसत नाही, आणि आपण तिथे गेल्यानेच जे होतं ते बदलतं. एवढं असूनही शेवटी एक आकडा लिहायचा असतो, आणि तो कितपत चुकीचा असू शकतो हेही प्रामाणिकपणे सांगायचं असतं.

शितावरून भाताची परीक्षा

आपल्याकडे म्हण तयारच आहे. सगळा टोप उपसून बघायची गरज नाही, एक शीत दाबलं की कळतं. संख्याशास्त्रातलं 'सॅम्पल' म्हणजे हेच शीत. फक्त म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. टोपातला भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो, म्हणून कुठलंही शीत चालतं. निसर्ग असा ढवळून ठेवलेला नसतो. आणि गोवा तर मुळीच नाही.

3,702 चौरस किलोमीटरचं हे राज्य. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री, मध्ये साठेक किलोमीटर. एवढ्यात पुळण, नदीची मुखं, कांदळवन, खाजन शेती (खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेली), जांभ्या दगडाचे सडे आणि घाटातलं सदाहरित रान. सकाळी सत्तरी तालुक्यातल्या रानात पायाला जळू चिकटवून घ्यावी आणि दुपारी मिरामारच्या समुद्रात पाय धुवावेत. अभ्यास करणाऱ्यांना असा प्रदेश सोन्याचा. दोनापावलाला 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे, आणि वास्कोला ध्रुवीय व महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. (अंटार्क्टिकाला गेलेली भारताची पहिली मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्यातूनच निघाली होती. बर्फाच्या प्रदेशात जायला माणसं नारळाच्या झाडांखालून निघाली, याची मला अजून गंमत वाटते.)

तर सड्यापासून सुरुवात करू. मे महिन्यात सडा म्हणजे काळा तापलेला कातळ. अनवाणी उभं राहवणार नाही. दोन पाऊस झाले की खळग्यांत पाणी साचतं, आणि ऑगस्टपर्यंत त्यावर निळ्याजांभळ्या फुलांची चादर येते. सीतेची आसवं, गेंद, नाना तऱ्हेची गवतं. सीतेची आसवं दिसायला गरीब, पण मांसाहारी. मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. मातीच नाही म्हटल्यावर नायट्रोजन आणणार कुठून?

आता या सड्यावर किती जातींच्या वनस्पती आहेत ते सांगा. तुम्ही-आम्ही काय करू? जिथे फुलं दाट तिथे जाऊन बसू, फोटो काढू, यादी करू. शास्त्रज्ञाला नेमकं हेच करायला मनाई असते. तो घरी बसून नकाशावर चौकोन पाडतो, त्यांना आकडे देतो आणि चिठ्ठ्या टाकतो. चिठ्ठीत जो चौकोन येईल तिथेच जायचं. निम्म्या वेळा नुसता कातळ निघतो. तरी चौकट ठेवायची, आणि कातळ असेल तर कातळ असं लिहायचं. आवडती जागा निवडली की सडा जसा आहे तसा न दिसता आपल्याला आवडतो तसा दिसू लागतो.

नुसत्या चिठ्ठ्यांचीही अडचण आहे. सड्यावर मोकळा कातळ पुष्कळ आणि पाण्याच्या डबक्या थोड्या. चिठ्ठ्या टाकल्या तर डबक्या हुकतील, आणि खरी मजा तर तिथेच. म्हणून आधी सड्याचे भाग पाडतात: उघडा कातळ, उथळ डबकी, माती साठलेले खळगे, झुडपांची कड. मग प्रत्येक भागात वेगळ्या चिठ्ठ्या. भात सोडा, ही बिर्याणी आहे. प्रत्येक थरातून चमचा घातल्याशिवाय चव कळायची नाही.

आणि थांबायचं कधी? समजा पहिल्या चौकटीत नऊ जाती मिळाल्या. दुसरीत आणखी चार नव्या, तिसरीत दोन, चौथीत एक. पुढे पाच-सहा चौकटी झाल्या तरी नवीन काही नाही. नव्या जातींचा आलेख चढता चढता आडवा झाला की समजायचं, निदान या महिन्यापुरतं पुरे. 'या महिन्यापुरतं' हे शब्द महत्त्वाचे. सप्टेंबरच्या अखेरीला त्याच चौकटीत वेगळीच मंडळी असतात.

म्हणूनच मला एका गोष्टीचा राग येतो. प्रकल्पांसाठी जे पर्यावरणीय परिणामांचे अहवाल होतात, त्यांत पुष्कळदा पावसाळा सोडून एका हंगामाची पाहणी चालवून घेतात. एप्रिलमध्ये सड्यावर गेलेला माणूस 'ओसाड खडकाळ जमीन' असं लिहील, आणि त्याने पाहिलं तसंच लिहिलेलं असेल. पण जो टोप चुलीवर ठेवलेलाच नाही त्यातलं शीत दाबून भात कच्चा म्हणण्यासारखं आहे हे.

दिसलं नाही म्हणजे

पावसाळ्यातच आणखी एक गोष्ट कळते. सत्तरीतल्या केरी गावातून 2007 साली देवगांडुळाची एक जात विज्ञानाला नव्याने कळली. तिच्या नावातच गोवा आहे, गेगेनिओफिस गोवाएन्सिस. देवगांडूळ म्हणजे पाय नसलेला उभयचर, बेडकाचा लांबचा भाऊबंद, दिसायला थेट गांडूळ. शेतात कुदळ मारताना तो वर येतो आणि सापाचं पिल्लू म्हणून मारला जातो. 2018 साली गोव्याच्या सड्यांवरच्या एका बेडकाला 'गोयंची' असं नाव मिळालं. हे प्राणी काही त्या साली इथे राहायला आले नव्हते. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळापासून ते शेतात-सड्यावर होते, फक्त यादीत नव्हते.

'नाही' आणि 'दिसला नाही' यांतला फरक मोजायचा कसा, याची एक सोपी रीत आहे. समजा एखाद्या ओहोळाकाठी एक बेडूक आहेच, आणि एका रात्री गेल्यावर तो दिसण्याची किंवा ओरडताना ऐकू येण्याची शक्यता 40 टक्के आहे. म्हणजे 60 टक्के वेळा तो असूनही आपण हात हलवत परत येणार. दोन रात्री गेलो तर दोन्ही वेळा हुकण्याची शक्यता 60 टक्क्यांचे 60 टक्के, म्हणजे 36. चार रात्री गेलो तर 13 टक्क्यांच्या आसपास. चार फेऱ्या करून काहीच मिळालं नाही, तर 'इथे नसावा' म्हणायला थोडा आधार आला. एकच फेरी करून 'इथे नाही' म्हणणं म्हणजे दार एकदा वाजवून घर रिकामं ठरवणं.

आता तो 40 टक्क्यांचा आकडा आणायचा कुठून? तोही तिथूनच येतो. जिथे बेडूक आहे हे नक्की ठाऊक आहे अशा जागी दहा वेळा जा आणि कितींदा सापडला ते बघा. म्हणून एकाच जागेच्या पुन्हा पुन्हा फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत वेळ, पाऊस, तापमान, किती माणसं, किती मिनिटं शोधलं हे सगळं उतरवलं जातं. लिहायचं पेन्सिलीने. शाई पावसात पसरते, आणि नमुन्याच्या बाटलीत टाकलेली चिठ्ठी स्पिरिटमध्ये धुऊन निघते. शिसपेन्सिलीला काही होत नाही.

इथे हौशी पक्षिनिरीक्षकांबद्दल एक बाजूची गोष्ट. मोबाइलवरून पक्ष्यांच्या नोंदी करायची सोय झाल्यापासून माहितीचा पूर आला आहे, आणि ती मोलाची आहे. पण करमळीच्या तळीवर थंडीतल्या रविवारी जाणारे पुष्कळ. जुलैत सत्तरीच्या एखाद्या कोपऱ्यात जाणारा विरळा. नकाशावर ठिपके दाट दिसले की पक्षी दाट समजायचे की दुर्बिणी, हा हिशेब करावाच लागतो.

वाघाच्या बाबतीत तर हा प्रश्न थेट राजकारणापर्यंत गेला. म्हादई अभयारण्य 1999 साली जाहीर झालं. तिथले वाघ गोव्याचे रहिवासी की कर्नाटकातून येऊन जाणारे वाटसरू, यावर वर्षानुवर्षं वाद. एखादा फोटो वाटसरूचाही असू शकतो. पण तोच वाघ त्याच रानात पुन्हा पुन्हा दिसला, मादीसोबत बछडे दिसले, तर त्याला वाटसरू म्हणणं कठीण. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीत चार वाघ मरून सापडले, एक वाघीण आणि तीन बछडे. वादाचं उत्तर असं मिळावं हे दुर्दैव. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करायचा आदेश दिला, आणि मग ती लढाई पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली.

तोच वाघ हे ओळखायचं कसं? पट्ट्यांवरून. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, आणि एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या अंगावरचेही वेगळे असतात. म्हणून रानवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. एकच कॅमेरा असेल तर एका वाघाचे डावे-उजवे फोटो वेगवेगळ्या दिवशी निघून दोन वाघ झाले, असं होऊ शकतं. बाकी कॅमेऱ्यात येतात त्यांत गुरं, गवे, साळिंदर, आणि रानात जाणारी गावची माणसं. त्यांचे फोटो काय करायचे, हा वेगळ्या लेखाचा विषय.

न दिसलेले वाघ मोजायची युक्ती मुळात माशांवरून आली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पीटरसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने ती वापरली. तळीतून 50 मासे पकडा, खूण करून सोडून द्या. काही दिवसांनी पुन्हा जाळं टाका. समजा 60 आले आणि त्यांत खुणेचे 12 निघाले. म्हणजे जाळ्यात पाचातला एक खुणेचा. जाळ्यात जे प्रमाण तेच तळीत धरलं, तर 50 हे एकूण माशांचा पाचवा हिस्सा, एकूण 250. वाघाला खूण करायची गरज नाही, ती तो जन्मतःच घेऊन येतो. पण या गणिताच्या पोटात अटी दडलेल्या आहेत: मधल्या काळात कुणी आत आलं-गेलं नाही, खुणा पुसल्या नाहीत, आणि एकदा पकडलेला मासा जाळ्याला जास्त घाबरत नाही. शेवटची अट तर माणसांनाही लागू होत नाही. एकदा चलान झालेला स्कूटरवाला त्या नाक्यावरून पुन्हा जातो का?

पंचांग आणि चिखल

रानातून खाली आलो की वेळापत्रक चंद्राच्या ताब्यात जातं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, त्यामुळे कांदळात काम करणाऱ्यांची सकाळ कधी पाचला असते तर कधी दहाला. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला गोव्यात पाणी सव्वादोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, अष्टमीच्या भांगाला जेमतेम मीटरभर. उधाणाच्या सुकतीला चिखल लांबवर उघडा पडतो, पण परतीचं पाणीही जोरात येतं. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून जवळजवळ 50 किलोमीटर आत, गांजेपर्यंत पोचतो. सत्तरीच्या वेशीवर समुद्राचा श्वास लागतो म्हणायला हरकत नाही.

झाडं मोजणं त्या मानाने सोपं असायला हवं. ती बिळात जात नाहीत. रानात झाडाचा घेर जमिनीपासून 1.3 मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर घेतात. कांदळाच्या झाडाला मात्र खोड सुरू होतं कुठे हाच प्रश्न, कारण आधाराची मुळं छत्रीच्या काड्यांसारखी खोडातून फुटून खाली आलेली. तिथे सगळ्यांत वरच्या मुळाच्या वर 30 सेंटिमीटर जाऊन फीत लावायची. नियम इतका बारीक का? तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस आला तरी त्याने त्याच ठिकाणी मोजावं म्हणून. घेर दोन सेंटिमीटरने वाढला की मोजणारा दोन बोटं खाली सरकला, हे नाहीतर कळणार कसं?

चिखलाच्या आतलं जग पाहायला नळीने गाळाचा ठोकळा काढतात आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतात. मागे राहतात ते किडे, कालवांची पिल्लं, रिबिनीसारखे जंत. त्यांना गुलाबी रंग लावून ठेवतात म्हणजे कचऱ्यातून वेचता येतात. भाचीचे दोन महिने या गुलाबी जंतांत गेले. कुंभारजुवेच्या कालव्यात असलं काम करणाऱ्यांना मगरींकडेही लक्ष ठेवावं लागतं, त्या अजून तिथे आहेत.

कासवांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्यावर सगळेच लिहितात. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे थंडीत ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. पहाटे पुळणीवर जाऊन माग मोजतात, पण माग म्हणजे घरटं नव्हे. कासवीण वर येऊन, दिवे-माणसं बघून, अंडी न घालताच परत गेलेली असू शकते. शिवाय पिल्लं नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, वाळू जितकी गरम तितक्या माद्या जास्त. किती पिल्लं समुद्रात गेली या आकड्याशेजारी घरट्याचं तापमानही लिहिलेलं असेल, तरच त्या आकड्याला अर्थ.

पांढऱ्या रंगाचं शून्य

कांदोळीच्या किनाऱ्यापासून साधारण 10 किलोमीटर आत समुद्रात एक जागा आहे. खोली 25 ते 28 मीटर. बघायला तिथे काही नाही, चहूकडे पाणी. 1997 पासून समुद्रविज्ञान संस्थेची माणसं त्याच जागी पुन्हा पुन्हा जातात, त्याच त्याच खोल्यांवरून पाणी उचलतात आणि तेच मोजतात. माझ्या मते गोव्यात झालेल्या शास्त्रीय कामांतलं हे सर्वांत चिकाटीचं काम असावं, आणि कांदोळीला शॅकमध्ये बसलेल्या शंभरातल्या एकालाही ते ठाऊक नसेल.

तिथे घडतं ते असं. पावसाळ्यात वारा आणि प्रवाहांच्या जोरावर किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर सरकतं आणि त्याच्या जागी खालून थंड पाणी चढून येतं. हे खालचं पाणी खतासारखं कसदार, पण श्वासाला आधीच कमी. अरबी समुद्रात साधारण 150 ते 1,000 मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळपास संपलेला एक प्रचंड थर आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या अशा थरांपैकी एक. त्याच्या वरच्या कडेचं पाणी आपल्या उंबऱ्यापर्यंत येतं.

त्याच वेळी घाटात पाऊस कोसळत असतो. कर्नाटकात भीमगडच्या रानात उगवलेली म्हादई सत्तरीत उतरते, पुढे मांडवी होते आणि आग्वाद किल्ल्यापाशी समुद्राला मिळते. आग्वादच्या लगतच उत्तरेला कांदोळी. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, ते मिसळण्याऐवजी वर पसरतं, पेज निवल्यावर तिच्यावर पापुद्रा धरतो तसं. आता हवेतला ऑक्सिजन खाली जाईना. वर उजेड आणि खालून आलेलं खत, त्यामुळे सूक्ष्म वनस्पती माजतात, मरतात, खाली पडतात. तळाचे जिवाणू त्या खातात आणि उरलासुरला ऑक्सिजन संपवतात.

ऑक्सिजन संपला म्हणून जिवाणू उपाशी बसत नाहीत. ते पाण्यातल्या नायट्रेटवर भागवतात, आणि त्या खटाटोपात नायट्रस ऑक्साइड वायू तयार होतो. 100 वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 270 पटींच्या आसपास उष्णता अडवतो. नायट्रेटही सरलं की ते सल्फेटकडे वळतात, आणि मग पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाशी ही पाळी येते. नोव्हेंबरनंतर वारे-प्रवाह फिरतात, पापुद्रा मोडतो, समुद्राला दम येतो. 2000 साली एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 'नेचर' या नियतकालिकात मांडलं तेव्हा जगभरच्या समुद्रशास्त्रज्ञांचं लक्ष आपल्या किनाऱ्याकडे वळलं. ऑक्सिजनची ही टंचाई मुळात नैसर्गिक आहे; ती माणसामुळे वाढली का, जमिनीवरून वाहून येणाऱ्या खतांचा वाटा किती, हा वादाचा आणि कामाचा भाग.

आता शिताकडे परत. जानेवारीत कुणी त्या जागी गेला तर म्हणेल, समुद्र ठणठणीत. सप्टेंबरच्या अखेरीला गेला तर म्हणेल, समुद्र मेला. दोघंही खरं बोलतील. परिस्थिती बिघडतेय का याचं उत्तर फक्त सप्टेंबरची सप्टेंबरशी तुलना करून मिळतं, आणि तीही दोन वर्षांच्या नव्हे, कारण एखाद्या वर्षी पाऊसच वेगळा असतो. त्यात जून-जुलैत, जेव्हा खाली घडामोडी सुरू होतात, तेव्हाच छोटी बोट बाहेर काढणं धोक्याचं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते ती काही उगाच नव्हे. म्हणजे नोंदवहीत भोकं पडतात तीही नेमकी मोक्याच्या जागी.

पाण्यातला ऑक्सिजन मोजायला आता यंत्रं आहेत, पण यंत्र खरं बोलतंय का हे तपासायला अजून 1888 सालची विंकलर यांची रीत वापरतात. ती मी विद्यार्थ्यांच्या बोटीवर पाहिली. दोन्ही टोकं उघडी असलेली नळकांडी बाटली दोरीला बांधून खाली सोडतात. ठरलेल्या खोलीवर पोचली की दोरीवरून एक वजन घसरत पाठवतात, ते आदळलं की दोन्ही झाकणं फटकन मिटतात. वर आलेलं पाणी रबरी नळीने काचेच्या बाटलीत भरायचं, तेही तळापासून, एक बुडबुडा न येऊ देता, आणि थोडं वाहून जाऊ द्यायचं. बुडबुडा म्हणजे वरच्या हवेतला ऑक्सिजन, म्हणजे खोटी साक्ष. मग मँगनीजच्या द्रावणाचा एक मिलिलिटर, आयोडाइड आणि अल्कलीचा एक, झाकण लावून उलटसुलट. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ धरतो, चहाच्या चोथ्यासारखा. जितका गडद तितका ऑक्सिजन जास्त. पुढे आम्ल, स्टार्च, थेंब थेंब टायट्रेशन, निळा रंग नाहीसा होईपर्यंत, आणि आकडा.

ऑक्सिजन नसेल तर गाळ पांढरा राहतो.

बोटीवर त्या दिवशी सगळ्या बाटल्या तपकिरीच निघाल्या, डिसेंबर होता. पण बोटीवरच्या सरांनी सांगितलं की सप्टेंबरात तळाची बाटली उलटी केल्यावर पांढरा गाळ बघितला की पोरं गप्प होतात. रानातलं शून्य म्हणजे रिकामी चौकट. त्यावर शंका घ्यायला जागा असते. हे शून्य बाटलीत, हातात, डोळ्यांसमोर असतं.

खिडक्यांचा पुरावा

म्हाताऱ्या रापणकारांशी, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांशी बोललं की ते सांगतात, आमच्या तरुणपणी रापणीला बांगडा ओढवत नव्हता. त्यांचा तरुण नातू सांगतो, मी शाळेत होतो तेव्हा मासे पुष्कळ. दोघांचं 'पुष्कळ' वेगळं. प्रत्येक पिढी आपण लहानपणी पाहिलं तेच मूळ समजते, आणि घसरण मोजायची पट्टीच दर पिढीला खाली सरकते. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने 1995 साली या सरकत्या पट्टीकडे लक्ष वेधलं. आठवणी फेकून द्याव्यात असं त्याचंही म्हणणं नव्हतं, उलट जुन्या नोंदी शोधून जोडाव्यात असं होतं.

गोव्यात अशी एक नोंद भिंतींत बसवलेली आहे. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे असत. उजेड आत, ऊन बाहेर. त्या जातीचे जिवंत शिंपले आज जुवारी नदीत चिखलीच्या खाडीत आहेत आणि कायद्याने त्यांना संरक्षण आहे. एका खिडकीत किती तुकडे, एका घरात किती खिडक्या, एका गावात किती घरं, असा गुणाकार केला तर पूर्वी हे शिंपले किती काढले जात असतील याचा अंदाज बांधता येईल. कुणीतरी करावं. अर्थात ते सगळे इथलेच होते की गलबतातून आले, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. घराघरांत जायला शिडीही लागेल, आणि चिठ्ठ्याही टाकाव्या लागतील, नाहीतर आपण फक्त चांगली राखलेली घरं मोजू.

आमच्या खेकड्यांचं काय झालं ते राहिलं. त्या दिवशी चौदा चौकटी करायच्या होत्या. तेराव्यापर्यंत दुपारचं ऊन माथ्यावर आलं. चौदावी एका उंचवट्यावर पडली, चिखल वाळून भेगा पडलेला. पंधरा मिनिटं उभे राहिलो, वीस झाली. एकही डोळा वर आला नाही. पाणी फिरलं होतं, घोट्याला लागत होतं. मी म्हटलं, ही सोडून दे, खाली कर एक, तिथे भरपूर आहेत.

तिने माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल काढली आणि लिहिलं: चौकट 14, खेकडे 0, बिळं 0, वेळ 12.40, ऊन कडक, वारा नाही, निरीक्षक 2. शेवटच्या रकान्यात शेरा असतो. तिथे तिने लिहिलं, 'एक निरीक्षक सारखा हलत होता.'